अंतराळातल्या टकरी आणि वितळलेले अशनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात आकाशातून दगड, म्हणजे अशनी, पडले. २०२१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या दगडांच्या आतल्या, वितळून गोठलेल्या बारीक रेघांत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं त्यात सांगितलं होतं. पृथ्वीत हे खनिज ६६० किलोमीटरच्या खाली असतं आणि तिथून ते जसंच्या तसं वर कधीच येत नाही. काटोलच्या दगडात मात्र ते होतं, कारण तो दगड ज्या लघुग्रहाचा तुकडा होता, त्यावर कधीतरी काहीतरी भयंकर वेगाने आदळलं होतं. अशा टकरींविषयी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

अशनी वितळतो तो पृथ्वीच्या वातावरणात शिरताना ना?

तेव्हाही वितळतो, पण ते वितळणं वेगळं. हा घोळ इतका सर्रास होतो की आधी तोच निस्तरायला हवा. वातावरणातून येताना दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि वितळलेला थर लगेच उडून जातो. शेवटी दगडावर काळपट पापुद्रा उरतो. त्याची जाडी बहुधा एक मिलिमीटरही नसते. हा सगळा खेळ काही सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात उष्णता दगडाच्या आत शिरत नाही, म्हणून पापुद्र्याच्या खालचा दगड थंडच राहतो.

दगड कापल्यावर आत दिसणाऱ्या काळ्या शिरा, काचेचे कप्पे, वितळलेल्या धातूचे थेंब हे मात्र पृथ्वीच्या वाटेवर तयार झालेले नसतात. तो दगड लघुग्रहाचा भाग असताना बसलेल्या तडाख्याच्या त्या खुणा आहेत, आणि बहुतेक वेळा त्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या असतात.

टकरीत दगड तापतो कशामुळे? घर्षणामुळे?

घर्षणाचा वाटा असतो, पण मुख्य कारण ते नव्हे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात लघुग्रह एकमेकांवर सरासरी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने आदळतात, म्हणजे ताशी १८,००० किलोमीटर. एवढ्या वेगाच्या धडकेत दाब साध्या ध्वनिलहरीसारखा पसरत नाही. दगडातल्या ध्वनीपेक्षा वेगाने धावणारी आघातलहर उठते. ती पुढे सरकते तसा तिच्या वाटेतला दगड क्षणार्धात दाबला जातो. मग मोकळ्या पृष्ठभागाकडून दाब उतरवणारी दुसरी लहर येते आणि दगड पुन्हा सैल होतो.

दाबताना दगडात जितकी ऊर्जा घातली जाते, तितकी सैल होताना परत मिळत नाही. लोखंडी तार त्याच जागी चार-सहा वेळा वाकवली की तिथे चटका बसतो ना, तसंच हे आहे. घातलेली मेहनत उष्णता होऊन आत राहते. दाब जितका जास्त, तितकी ही मागे उरलेली उष्णता जास्त. ठरावीक मर्यादेपुढे ती दगड वितळवते, आणि त्याहीपुढे दगडाची वाफ करते. म्हणजे दगड वितळतो तो बराचसा दाब उतरल्यावर शिल्लक राहिलेल्या उष्णतेने.

हे दाब केवढे असतात?

ते गिगापास्कलमध्ये मोजतात. १ गिगापास्कल म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. जगातल्या सगळ्यात खोल सागरी गर्तेच्या तळाशी असलेला दाब त्याच्या एक नवमांश भरतो. पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ३६० गिगापास्कल असतात. साधे दगडी अशनी, म्हणजे ज्यांना काँड्राइट म्हणतात ते, सर्वसाधारणपणे ७५ ते ९० गिगापास्कलच्या पुढे सबंध वितळतात. त्याच्या खूप आधी त्यांचे ठरावीक भाग वितळायला लागतात, आणि खरी रंगत तिथेच आहे.

एकाच दगडात एक भाग वितळलेला आणि शेजारचा धडधाकट, हे कसं?

मला या सगळ्या विषयात हाच प्रश्न सर्वात मोलाचा वाटतो. भट्टीत ठेवलेला दगड सगळीकडून सारखा तापतो. टकरीत तसं होत नाही. लघुग्रहाचा दगड एकजिनसी नसतो. त्यात पोकळ्या असतात, भेगा असतात, सिलिकेट खनिजांच्या शेजारी लोह-निकेलचे कण असतात. आघातलहर पोकळीवर आली की पोकळी मिटते आणि तिच्या भिंती एकमेकींवर आपटतात. त्या ठिकाणी तापमान आसपासच्यापेक्षा कितीतरी वर जातं. धातू आणि सिलिकेट यांच्यातून लहर वेगवेगळ्या वेगाने जाते, त्यामुळे त्यांच्या सीमेवर ताण येतो. दगडाचे दोन भाग एकमेकांवर सरकले तर त्या फटीतला थर वितळून जातो. घर्षणाचा वाटा म्हटलं तो इथे.

रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी फुटलेल्या अशनीचे तुकडे यासाठी पाहण्यासारखे आहेत. कापून घासलेल्या पृष्ठभागावर फिकट राखाडी दगड दिसतो आणि त्यातून काळ्या शिरा गेलेल्या दिसतात. कुठे शीर धाग्याएवढी, कुठे रुंद होऊन तिच्यात फिकट दगडाचे तुटके तुकडे अडकलेले. काही तुकडे तर पूर्ण काळे आहेत. त्यांतल्या धातूचे आणि ट्रॉइलाइट या लोह-गंधक खनिजाचे बारीक थेंब सिलिकेटच्या भेगांत पसरले आणि दगड काळवंडला. सुमारे २० मीटरचा हा गोळा सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि उंचावरच फुटला. जुन्या टकरीने पडलेल्या शिरांमुळे तो आधीच कमकुवत झाला असावा, अशी मांडणी अभ्यासकांनी केली आहे.

टक्कर किती जोराची होती हे कसं ओळखतात?

दगडाचा कागदापेक्षाही पातळ काप काढून, सुमारे ०.०३ मिलिमीटरचा. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीकृत प्रकाशात बघतात. काप ठेवलेली तबकडी फिरवली की तडाखा न बसलेला ऑलिव्हिनचा (अशनींत नेहमी आढळणाऱ्या एका खनिजाचा) कण एकाच वेळी अख्खा काळा होतो. हलका तडाखा बसलेला कण तसा होत नाही. त्याच्यावरून सावली एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते, कारण स्फटिकाची जाळी वाकलेली असते. आणखी जोराचा तडाखा असेल तर कण गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा दिसतो, कारण आता त्याचे बारीक भाग वेगवेगळ्या दिशांना कललेले असतात. त्यातून सरळ, समांतर भेगाही गेलेल्या दिसतात.

या खुणांवरून १९९१ मध्ये श्टोफ्लर, काइल आणि स्कॉट यांनी एस-१ ते एस-६ अशा सहा पायऱ्या मांडल्या. एस-१ म्हणजे जवळपास अस्पर्श, ५ गिगापास्कलच्या खालचा. एस-३ पर्यंत भेगा आणि थोड्या काळ्या शिरा. एस-४ ला ऑलिव्हिनची ठिगळं. एस-५ मध्ये प्लॅजिओक्लेज हे खनिज आपली स्फटिकरचना गमावतं, तिथे दाब ४५-५५ गिगापास्कलच्या घरात असतो. एस-६ च्या खुणा वितळलेल्या भागालगतच दिसतात. ही मोजपट्टी २०१८ मध्ये सुधारून इतर प्रकारच्या दगडांनाही लावली गेली.

एक सावधगिरी बाळगायला हवी. पायरी दगडाच्या मोठ्या भागावरून ठरते. शिरेतला दाब आणि तापमान त्यावरून काढायला गेलं तर फसगत होते. शिरेत तापमान अफाट होतं म्हणून दाबही तेवढाच अफाट असणार, हे गृहीत धरता येत नाही.

अशनींच्या वर्णनांत मॅस्केलिनाइट हे नाव सारखं येतं. ते काय आहे?

त्याची गोष्ट बिहारमधली आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गया भागातल्या शेरघाटी इथे सुमारे ५ किलोचा अशनी पडला. १८७२ मध्ये व्हिएन्नाचे खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेर्माक यांनी त्याचा अभ्यास करताना त्यात काचेसारखा एक पदार्थ पाहिला. घटक प्लॅजिओक्लेजचे, कणांचा आकारही प्लॅजिओक्लेजचा, पण ध्रुवीकृत प्रकाशात तबकडी कितीही फिरवा, तो काळाच राहतो. म्हणजे आत स्फटिक उरलेलाच नाही. ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन यांच्या नावावरून त्याला मॅस्केलिनाइट म्हटलं गेलं. शेरघाटीचा दगड मुळात मंगळावरचा, हे कळायला आणखी शतकभर लागलं. मंगळाहून आलेल्या दगडांच्या सर्वात मोठ्या गटाला आजही शेरगोटाइट म्हणतात, तेही याच गावामुळे.

हा पदार्थ वितळून झाला की न वितळताच, यावर मतं दोन आहेत. स्फटिकाची जाळी घन अवस्थेतच दाबाने कोसळली, असं जुनं मत आहे. दाबाखाली दाट द्रव झाला आणि तसाच गोठून काच झाली, असं दुसरं. एखाद्या कणाभोवती काच वाहिल्याच्या खुणा आहेत की नाहीत, हे पाहून दगडागणिक ठरवावं, हे मला पटतं. सगळ्या दगडांना एकच नियम लावायचा अट्टहास कशाला?

काटोलच्या दगडात एवढं विशेष काय?

पृथ्वीच्या पोटात ऑलिव्हिन खोल जाईल तसतसं रूप बदलतं. सुमारे ४१० किलोमीटरला वॅड्सलेआइट होतं, ५२० च्या आसपास रिंगवुडाइट, आणि ६६० च्या खाली ब्रिजमनाइट हे मुख्य खनिज बनतं. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग ब्रिजमनाइटचा आहे, तरी त्याला अधिकृत नाव मिळालं २०१४ मध्ये. कारण खनिजाला नाव द्यायचं तर त्याचा निसर्गातला नमुना हवा, आणि तो मिळत नव्हता. अखेर मिळाला ऑस्ट्रेलियात १८७९ मध्ये पडलेल्या टेनहॅम या अशनीच्या वितळलेल्या शिरेत. रिंगवुडाइटचा पहिला नैसर्गिक नमुनाही १९६९ मध्ये याच टेनहॅमच्या शिरांतून निघाला होता, निळसर-जांभळ्या कणांच्या रूपात.

आता काटोल. हा एल-६ गटातला काँड्राइट (एल म्हणजे कमी लोहाचा गट, ६ चा अर्थ पुढे येईल). आयआयटी खरगपूरचे सुजॉय घोष आणि सहकाऱ्यांना त्याच्या शिरांत लोह आणि ॲल्युमिनियम असलेलं ब्रिजमनाइट सापडलं, मेजोराइट या दुसऱ्या उच्चदाब खनिजाच्या सोबतीने. आधी इतर अशनींत मिळालेल्या ब्रिजमनाइटचं रासायनिक संघटन पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात अपेक्षित असलेल्याशी जुळत नव्हतं. काटोलचं जुळतं, आणि प्रयोगशाळांत तीन दशकं बनवत आलेल्या नमुन्यांशीही जुळतं. ते सुमारे २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली थेट वितळलेल्या द्रवातून स्फटिकरूपात आलं, असा निष्कर्ष आहे. आपल्या पायाखाली हजार किलोमीटरवर काय आहे, याचा इतका जवळचा नमुना विदर्भातल्या शेतांत पडलेल्या दगडातून मिळावा, याचं मला मनापासून अप्रूप आहे. आपल्याकडच्या शाळांतून हे मुलांना सांगितलंच पाहिजे.

पण दाब उतरल्यावर हे खनिज टिकलं कसं?

शर्यत असते. वितळलेली शीर तापलेली असतानाच दाब उतरला, तर ब्रिजमनाइट टिकत नाही, त्याची काच होते. रिंगवुडाइट पुन्हा ऑलिव्हिन होतं. ही खनिजं वाचायची तर दाब असेतोवरच शीर थंड व्हायला हवी. बारीक शिरेच्या दोन्ही बाजूंना तुलनेने थंड दगड असतो, तो तिची उष्णता झटकन ओढून घेतो. शीर जितकी बारीक, तितकी ती लवकर गोठते.

म्हणूनच जबर तडाख्याने सगळा वितळलेला दगड या बाबतीत मुका असतो. तिथे थंड शेजारच नसतो. दाब उतरतो, उष्णता मागे राहते, आणि उच्चदाब खनिजं बनली असली तरी पुसली जातात. मध्यम तडाखा आणि ठिकठिकाणी वितळणं, अशा जोडीतच ही नोंद टिकते.

लोणारला हेच घडलं का?

दगडावर जे गुदरलं ते याच जातीचं, फक्त ते पृथ्वीच्या पृष्ठभागावर घडलं. बुलढाणा जिल्ह्यातलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरोवराच्या तळाखाली घेतलेल्या छिद्रांतल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं, आणि ज्वालामुखीची शंका मिटली. ज्वालामुखी दगड वितळवतो, पण प्लॅजिओक्लेजची जागच्या जागी अशी काच करायला लागणारा दाब त्याच्याकडे नसतो. वयाबाबत जुनं मोजमाप सुमारे ५२ हजार वर्षं सांगतं, तर पुढे सांगितलेल्या आर्गॉन पद्धतीचं २०११ मधलं मोजमाप सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं.

टक्कर कधी झाली हे कळतं?

कळतं, आणि त्याचं श्रेय आर्गॉनला. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्याच्या विघटनातून काही प्रमाणात आर्गॉन-४० बनतो आणि खनिजात साठत जातो. टकरीने दगड पुरेसा तापला तर हा वायू निसटतो आणि घड्याळ शून्यावर येतं. त्यानंतर पुन्हा किती साठला, यावरून टकरीचं वय निघतं.

एल गटाच्या काळवंडलेल्या, शिरा पडलेल्या अनेक काँड्राइटची वयं सुमारे ४७ कोटी वर्षांजवळ गोळा होतात. तेव्हा या गटाचा मूळ लघुग्रह एका प्रचंड टकरीत फुटला. आज पृथ्वीवर पडताना दिसणाऱ्या अशनींत एल गटाचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे, आणि त्यांतले बरेचसे त्याच फुटीचे मानले जातात. मात्र प्रत्येक एल दगडावर ४७ कोटींचा शिक्का आधीच मारून ठेवू नये, वय मोजूनच ठरवावं.

या टकरीचा दुसरा साक्षीदार स्वीडनमध्ये आहे. किनेकुले टेकडीजवळच्या थोर्सबर्ग खाणीत फरशीसाठी ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचा, चुनखडक कापतात. फरशीत मधूनच गडद डाग आला की ती वाया गेलेली म्हणून बाजूला टाकायची. भूवैज्ञानिक बिर्गर श्मिट्झ यांनी खाणकामगारांच्या मदतीने ते डाग तपासले. ते त्या काळच्या समुद्रतळावर पडलेले अशनी निघाले, शंभरावर. मूळ खनिजं जवळपास सगळी बदलून गेली आहेत, पण क्रोमाइट या चिवट खनिजाचे कण टिकले, आणि ते एल गटाचे आहेत. त्या कणांत अडकलेल्या वायूंवरून दिसतं की पहिले तुकडे टकरीनंतर जेमतेम लाखभर वर्षांत इथे पोचले होते. खगोलाच्या हिशेबात हे लगोलगच झालं.

मंगळावरून दगड उडून येतात, मग ते वाटेत वितळून का जात नाहीत?

मंगळ सोडायला सेकंदाला ५ किलोमीटरचा वेग लागतो. एवढा वेग मिळेल असा धक्का बसला तर दगडाचा चुरा आणि रसच होणार, असं एकेकाळी वाटायचं. पण आघातस्थळापासून थोडं दूर, अगदी पृष्ठभागालगत, दाबाची लहर आणि तो उतरवणारी लहर एकमेकींना छेदतात. तिथला दगड पूर्ण दाब न सोसताच भिरकावला जातो. एएलएच ८४००१ या मंगळाच्या दगडाच्या चुंबकीय अभ्यासातून २००० मध्ये दिसलं, की मंगळ सोडल्यापासून त्याचा आतला भाग ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेलाच नाही. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार याहून गरम असते!

दुसरीकडे, अंटार्क्टिकात मिळालेल्या ईईटीए ७९००१ मध्ये काळ्या काचेचे कप्पे आहेत. आघाताच्या क्षणी वितळलेल्या त्या द्रवात मंगळाची हवा कोंडली गेली. १९८३ मध्ये डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी ती मोजली. व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर मोजलेल्या वायूंशी ती जुळली. हे दगड मंगळाचेच, याचा भक्कम पुरावा त्या वितळण्याने दिला.

लोखंडी अशनींवरही खुणा राहतात?

राहतात. घासून आम्ल लावलेल्या पृष्ठभागावर बारीक सरळ रेघा दिसतात, त्या नॉयमन रेघा. १८४७ च्या ब्राउनाउ अशनीत त्या पहिल्यांदा ओळखल्या गेल्या. साधारण १ गिगापास्कलचा तडाखाही त्यांना पुरतो. १३ गिगापास्कलच्या पुढे लोहाची स्फटिकरचनाच काही क्षण बदलते आणि परत येताना जाळीदार नक्षी मागे ठेवते. ॲरिझोनाच्या कॅन्यन डायब्लो लोहात तर ग्रॅफाइटपासून बनलेले हिरेही आहेत.

एल-६ मधला ६ आणि एस-६ मधला ६ एकच का?

नाही. एल-६ मधला ६ सांगतो की दगड सौरमालेच्या सुरुवातीला लघुग्रहाच्या आत दीर्घकाळ भाजला गेला. ती उष्णता मुख्यतः ॲल्युमिनियम-२६ च्या किरणोत्सर्गाची. टकरी एखाद्या जागेपुरत्या भयंकर असतात, सबंध लघुग्रह तापवायला त्या कमी पडतात. एस-६ सांगतो तो तडाखा. एखादा दगड एल-६ असून एस-१ ही असू शकतो.

असा दगड सापडला तर काय करावं?

धुऊ नका, चुंबक लावू नका, घरी करवतीने कापू नका. आतल्या काळ्या शिरा बघायचा मोह होतो, मला समजतं, पण तो काप अभ्यासकांनीच घेतलेला बरा, कारण शिरेची दिशा आणि तिच्या कडा यांतच बरीच माहिती असते. चुंबकाने दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते, आणि वर सांगितलेला ४० अंशांचा निष्कर्ष अशाच नोंदीवरून निघाला होता. दगड जागेवर असतानाच फोटो काढा, जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तो हाताने न चोळता कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा. देशात पडलेल्या अशनींची जपणूक याच विभागाकडे आहे. त्यांच्या मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे, तहसील कार्यालयामार्फतही निरोप पोचवता येतो. पाऊस यायच्या आत हे झालं तर उत्तम, कारण आतल्या धातूला पहिल्याच पावसाळ्यात गंज चढू लागतो.